शुभाच्या गिटारीसाठी पुण्यात तीन दिवस

या ब्लॉगवर मी आजवर गड लिहिले, घाट लिहिले, गावोगावच्या मिसळी लिहिल्या. खरेदीवर एक अक्षर लिहिलं नाही, कारण खरेदीच्या बाबतीत मी पक्का ढ आहे. तरीही गेल्या महिन्यात कराडहून पुण्याला जाऊन एक जुनी गिटार विकत घेऊन आलो. गिटारीतलं मला काय कळतं? शून्य. मग गेलो कशाला, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला म्हातारचळ वाटेल.

दिवाळीच्या आधीची आवराआवर चालली होती. कपाटाचा वरचा कप्पा पुसायचं काम माझ्याकडे, कारण उंची सोडली तर माझा घरात दुसरा उपयोग नाही, असं शुभाचं मत. शुभा म्हणजे माझी बायको. तिच्या ठेवणीतल्या साड्यांखाली एक दोनशेपानी वही निघाली. उघडली तर तिच्या अक्षरात गाणी, आणि ओळींच्या डोक्यावर लाल शाईत बारीक इंग्रजी अक्षरं. गिटारीचे कॉर्ड. पानं पिवळी पडली होती, कव्हर मात्र कोरं होतं. म्हणजे एवढी वर्षं कुणीतरी ती वही अधूनमधून बाहेर काढून तिला नवं कव्हर घालत होतं. मी ती मिटून होती तिथंच, साड्यांखाली ठेवली.

कारण तिची गिटार मी विकली होती. तीस वर्षांपूर्वी, तिला न विचारता.

शुभा मूळची पुण्याची, सदाशिव पेठेतली. कॉलेजच्या गॅदरिंगला ती गिटार वाजवायची आणि मी तिच्यासमोर माइक धरून उभा राहायचो, कारण स्टँड मोडका होता. तीन वर्षं स्टँडचं काम इमानेइतबारे केल्यावर आमचं लग्न झालं. धायरीत दीड खोली भाड्यानं घेतली. धायरी तेव्हा गाव होतं, भाडं परवडायचं. गिटार खिळ्याला टांगलेली असे. मग शुभा बाळंतपणाला माहेरी गेली. माझ्या डोक्यात पाळण्याला जागा करायचं खूळ शिरलं. दारावर जुनं सामान घेणारा आला, त्याला मी एक टेबलफॅन, एक मोडकी खुर्ची आणि ती गिटार देऊन टाकली. गिटारीचे साडेतीनशे आले. मी खूश. बारसं झाल्यावर शुभा मुलीला घेऊन परत आली. त्या खिळ्याला मी मुलीचं टोपडं अडकवलं होतं. तिनं खिळ्याकडे बघितलं. मग मला म्हणाली, "दूध तापवलंस का?"

बस्स. त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघालाच नाही. भांडली असती तर बरं झालं असतं हो. पुढे माझी कराडला बदली झाली, इथंच घर झालं, मुलगी नोकरीला लागली, मी रिटायर झालो. आणि ती वही साड्यांखाली होती. त्या रात्री मी ठरवलं, हिला गिटार आणून द्यायची, आणि नवी नाही, तशीच जुनी. शुभाला म्हटलं, "पुण्यात पेन्शनचं काम आहे, दोन-तीन दिवस लागतील." ती म्हणाली, "छत्री ने."

इंटरनेटवर जुन्या गिटारींच्या जाहिराती ढिगानं असतात. मी तीन निवडल्या होत्या: एक धायरीची, एक मांजरीची, एक लोणी काळभोरची. लोणीवाल्यानं निघायच्या आदल्या दिवशीच फोनवर "विकली ओ" म्हणून सांगितलं. राहिल्या दोन. सकाळी सहाची एसटी धरली. तिकीट तीनशेच्या आसपास, खिडकी मिळाली. खंबाटकीचा बोगदा ओलांडला की मला अजूनही पुणं आल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात पुढं बरंच असतं. दहाला स्वारगेट. तिथून सिंहगड रस्त्यानं धायरीला सिटी बस. आता वर उड्डाणपूल झालाय, तरी खाली गर्दी आहेच. तिकिटाचे सुटे जवळ ठेवा, कंडक्टर लोकांची जीभ पूर्वीइतकीच धारदार आहे.

जाहिरातवाल्यानं बाराची वेळ दिली होती. हातात तास होता म्हणून आमची जुनी खोली बघायला निघालो, आणि काय सांगू, मला माझं घर सापडेना. देऊळ सापडलं. देवळामागं चाळ, चाळीपुढं ज्वारीचं रान, असं सगळं डोळ्यांपुढं होतं. समोर बारा मजली इमारत आणि खाली वातानुकूलित केशकर्तनालय. पानटपरीवर एक आजोबा बसले होते, त्यांना विचारलं.

"चाळ व्हय? ती कवाच पाडली," ते म्हणाले. "त्या जाग्याव हीच बिल्डिंग हाय. मी सहाव्या मजल्याव ऱ्हातो आता."

"मग मजा आहे की."

"मजा हाय. लिफ्ट बंद पडली की चाळ आठवती."

मी त्या इमारतीकडं बघत बराच वेळ उभा राहिलो. आमचा खिळा तिथं हवेत कुठंतरी पाचव्या-सहाव्या फुटावर असणार, असा हिशेब करत होतो. वेड्यासारखा गहिवरलो. आजोबांनी मला न विचारता पान लावून दिलं आणि वीस रुपये घेतले.

जाहिरातवाला रोहन म्हणून पोरगा होता, आयटीतला, बंगळूरला बदली होऊन चाललेला. गिटार काळी, चकचकीत, कुशीला वायर खुपसायचं भोक. "अंकल, लिटरली दहा वेळा वाजवली असेल. साडेसहा हजारला देतो, बॅग फ्री." मी गिटार हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आत डोकावलो, कलिंगड वाजवून बघावं तशी टकटक केली. पोरगं गालातल्या गालात हसत होतं. शेवटी म्हणालं, "अंकल, डोन्ट माइंड, पण तुम्हाला यातलं काही कळत नाहीये ना?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "आणि मला जुनी पाहिजे. लाकडी दिसणारी."

"मग कुणी गळ्यात मारायच्या आधी नाना पेठेत हमीदचाचांना गाठा. माझं सेटिंग त्यांनीच केलंय. बोलतात तिरके, पण माणूस खरा." त्यानं पत्ता पाठवला. स्वतःची वस्तू विकायला बसलेला पोरगा मला दुसरीकडे पाठवतो, ह्याचं मला फार कौतुक वाटलं. रोहन, वाचत असशील तर थँक यू.

स्वारगेटला परत येऊन नाना पेठेला रिक्षा केली. मीटरनं या म्हटल्यावर रिक्षावाल्यानं एक उसासा सोडला, पण आला. हमीदचाचांची खोली एका बोळात तळमजल्यावर. दारातूनच लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. सत्तरी उलटलेले, डोळ्यावर जाड चष्मा, मांडीवर एका गिटारीची मान. त्यांच्या वडिलांचं सतारी-पेट्यांचं काम होतं. पुढं पुण्यात गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा निघाले तेव्हा चाचांनी गिटारी हातात घेतल्या, त्या अजून सुटल्या नाहीत.

"कुणासाठी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"बायकोसाठी."

"वाजवतात?"

"वाजवायची."

"मग बंद का केलं?"

कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून बसलो. टेबलफॅनसकट. ते कानशीनं घासत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "माझ्याकडे फक्त गिटार दुरुस्त होते साहेब. बाकीचं आपलं आपण बघा."

पण शिकवणी मात्र झकास घेतली. तुमच्यातलं कुणी जुनी गिटार घ्यायला निघालं असेल, तर हे नीट वाचा. पोटावरच्या गोल भोकाच्या कडेला बोट फिरवून बघायचं: वरच्या लाकडाच्या रेघा कडेवरून तशाच खाली उतरल्या असतील तर फळी अखंड, आणि कडेला थर दिसले तर प्लायवूड. प्लायवूड वाईट नसतं, पण त्याला अखंड लाकडाचे पैसे द्यायचे नाहीत. मग गिटार डोळ्यासमोर आडवी धरून मानेवरून नजर टाकायची, सुतार फळीचा बाक बघतो तशी. मान वाकलेली असेल तर नमस्कार करून निघायचं. मानेवरच्या पट्टीच्या प्रत्येक घरात प्रत्येक तार दाबून वाजवायची, कुठं झरझर आवाज येतो का बघायचं. आत आरसा घालून सांधे बघायचे. चाचांकडे दातांच्या डॉक्टरचा असतो तसला बारका आरसा आहे. आणि लेबल शेवटी वाचायचं.

"शेवटी का?"

"आधी वाचलं की डोळे आंधळे होतात. आणि भाव करताना, तशीच नवी केवढ्याला मिळते ते विचारा, निम्मं करा, मग हिची दुखणी वजा करा. विकणारा एक गोष्ट सांगेल. गोष्ट ऐका. गोष्टीचे पैसे देऊ नका."

उद्या मांजरीला बरोबर याल का, असं भीत भीत विचारलं. "पाचशे रुपये आणि जायची-यायची रिक्षा," ते म्हणाले. "गिटार घेतलीत तरी, नाही घेतलीत तरी." स्वारगेटजवळ लॉजमध्ये अकराशेला खोली मिळाली. गादी कडक, पाणी गरम. कोपऱ्यावरच्या खानावळीत पिठलं-भाकरी उत्तम.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हडपसरवरून मांजरीला पोचलो. एका बाजूला ऊस, एका बाजूला टॉवर, मधून डांबरी रस्ता. विकणारे बाळूशेठ म्हणून गृहस्थ. वडिलोपार्जित रानातलं अर्धं बिल्डरला दिलं, उरलेल्यात पत्र्याची मोठी शेड टाकली, आणि लोक घरं बदलताना टाकून देतात ते सामान घेऊन विकतात. फ्रिज, सोफे, पाळणे. पाळण्यांची तर रांगच होती. मी तिकडं फार बघितलं नाही. चहा आला, गूळ घातलेला, आणि मग चादरीत गुंडाळलेली गिटार आली.

मधाच्या रंगाची. बघितली आणि मी चाट पडलो. शुभाची हुबेहूब अशीच होती.

"वरिजनल जपान हाय," बाळूशेठ म्हणाले. "भाच्यानं दुबईवनं आणली. दोन वर्सं बी झाली न्हाईत. नेट लावून बघा, नवी साठ हजाराला हाय. तुम्ही लांबनं आलाय, बावीस द्या."

आत पांढरंशुभ्र लेबल, त्यावर मोठ्या कंपनीचं नाव. नाव इथं लिहीत नाही, त्या कंपनीची काही चूक नाही. मी खिशात हात घातलाच होता. चाचांनी माझं मनगट धरलं आणि गिटार मांडीवर घेतली. भोकाची कड बघितली. मानेवरून नजर टाकली. आरसा आणि टॉर्च आत घालून पाच मिनिटं बघत राहिले. चक्क नाक लावून वास घेतला. मग गिटार पालथी करून भोक खाली धरलं आणि गदागदा हलवलं.

आत काहीतरी खुळखुळलं. चादरीवर तांदळाचे दहा-बारा दाणे पडले. लालसर, कुंकू लावलेले. पाठोपाठ झेंडूची एक वाळकी पाकळी.

अक्षता!

चाचांनी एक दाणा चिमटीत धरून चष्म्याजवळ नेला. "दुबईत दसरा जोरात होतो वाटतं."

बाळूशेठ आधी तांबडे झाले, मग मोठ्यानं हसले. "आता चाचा, धंदा हाय ह्यो. पुन्यात एका काकूंचा फ्लॅट खाली करायचा व्हता, तिथनं टेंपो भरून आणला, त्यात आली."

"कुठल्या काकू? कुठल्या पेठेतल्या?" मी ओरडलोच.

"ते आता कुटं ध्यानात ऱ्हातंय?"

माझी सासू दसऱ्याला शिलाई मशीन, सासऱ्यांची स्कूटर आणि शुभाची गिटार अशा तिघांची पूजा करायची. गिटारीच्या डोक्याला कुंकवाचं बोट, वर झेंडू, वर अक्षता. शुभा दरवर्षी कुरकुरायची, "आई, आत तांदूळ जातात गं!" मी गिटार ओढून घेतली आणि डोकं बघितलं. तिथं नुकतंच पॉलिश मारलं होतं, पण खुंट्यांच्या कडेला लाकडाच्या बारीक रेघांत कुंकू मुरलेलं होतं. घासून निघालं नव्हतं. धायरीतून जुन्या सामानवाल्याकडे, त्याच्याकडून कुण्या काकूंकडे, काकूंकडून इथं. का नाही?

"चाचा, ही तीच आहे. शुभाचीच आहे ही!"

"साहेब, या पुण्यात दसऱ्याला मिक्सरवरसुद्धा अक्षता पडतात," चाचा म्हणाले. "आपल्या गिटारीची काही खूण? ओरखडा, डाग?"

मी आठवायला लागलो.

"भोकाभोवती नक्षी कसली होती? खुंट्या पांढऱ्या का काळ्या?"

मी आठवत होतो.

"बरं, तारा नायलॉनच्या होत्या का स्टीलच्या?"

"तारा होत्या," मी म्हटलं. "एवढं नक्की."

खरं सांगतो, त्या शेडमध्ये मला फार लाज वाटली. कॉलेजात तीन वर्षं मी त्या गिटारीपासून दोन हातांवर माइक धरून उभा होतो, नंतर ती माझ्याच भिंतीवर होती, आणि मला तिची एक खूण सांगता येईना. मी शुभाकडे बघत होतो, हे खरं. पण शुभा जिच्याकडे बघत होती तिच्याकडे मी एकदाही नीट बघितलं नव्हतं. म्हणून तर साडेतीनशेला देताना काही वाटलं नाही. शुभाला फोन करून विचारावं, तर सगळंच उघडं पडणार.

बाळूशेठना एव्हाना गोष्टीचा वास लागला होता. जवळ सरकून म्हणाले, "साहेब, वहिनींना सांगा ना, तीच हाय म्हनून. खूश हुतील. कोन तपासाय येतंय?"

ते ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट, किती सोपं आहे, असं वाटलं.

चाचांनी निकाल दिला तो असा. लाकूड अस्सल, वरची फळी अखंड, मान सरळ. काम जुनं, कलकत्त्याकडचं, आतल्या पट्ट्या हातानं तासलेल्या. जपानचं लेबल रंगीत झेरॉक्स, त्याच्याखाली जुनं लेबल खरवडल्याचा चौकोन दिसतोय. गिटार नायलॉनच्या तारांची, पण कुणीतरी लोखंडी तारा ताणून बसवल्यात, त्यामुळं पोट फुगलंय आणि तारा अडकवायची पट्टी उचकटलीय. आपल्याकडे ही चूक घरोघरी होते, म्हणे. आवाज मोठा यावा म्हणून लोक लोखंडी तारा लावतात आणि गिटार बिचारी ताणानं वाकते. "सहा हजार," चाचा म्हणाले. बाळूशेठ बारावर आले, दहावर आले, पोराबाळांची शपथ घालून आठवर आले. चाचा उठून चपला घालायला लागले तेव्हा सात झाले. घेतली.

दुरुस्तीचे अठराशे ठरले. पट्टी काढून पुन्हा सरसानं चिकटवायची, पोटावर वजन ठेवायचं, नायलॉनच्या तारा घालायच्या. सरस वाळायला पूर्ण दिवस लागतो, घाई केली तर पट्टी पुन्हा उचकटणार. म्हणून मुक्काम वाढवला. असं काही करून घ्यायचं असेल तर पुण्यात एक दिवस हाताशी जास्त ठेवा.

तिसऱ्या दिवशी मला काही उद्योग नव्हता. एका जुन्या इराणी हॉटेलात बन-मस्का खाल्ला. लकडी पुलावरून चालत सदाशिव पेठेत गेलो. शुभाचं माहेर आता कुणा दुसऱ्याचं आहे, गॅलरीत अनोळखी बनियन वाळत होते. ह्याच फुटपाथवर मी सायकलला टेकून उभा राहायचो. वरून गिटारीचा आवाज येत असे, आणि तो थांबला की ती खाली येणार हे मला कळायचं. म्हणजे गिटार थांबायची वाट बघत मी उभा असायचो. हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं आणि बरं वाटलं नाही. चालता चालता मी घरी गेल्यावर काय बोलायचं याची तालीम करत होतो. "अगं, काय योगायोग! मांजरीत काय सापडलं ओळख!" पुलावर मी हे मोठ्यानं म्हटलं असावं, कारण एक कॉलेजची मुलगी दचकून बाजूला झाली.

दुपारी चाचांकडे गेलो. गिटार ओळखू येत नव्हती इतकी नेटकी झाली होती. झेरॉक्सचं लेबल काढून टाकलेलं. अक्षता त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. "फेकायच्या का ठेवायच्या, आपण ठरवा. मी फेकत नाही कुणाच्या." आणि तेव्हा मी तोंड उघडलं.

"चाचा, आतल्या बाजूला पेन्सिलीनं तिचं माहेरचं नाव लिहिता येईल? जुनं वाटेल असं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "येईल. वर थोडा भुसा चोळला की तीस वर्षांपूर्वीचं वाटेल. दोनशे रुपये." आणि खरंच कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. "सांगा नाव."

चाचा मला काही शिकवत नव्हते, थांबवत नव्हते, नुसते पेन्सिल धरून वाट बघत होते. माझ्या मनात आलं, लेका, गिटार विकलीस तिला न विचारता, आता परतही आणणार तिला फसवून. म्हणजे तीस वर्षांत तुझ्यात फरक तो काय पडला?

"राहू द्या," मी म्हटलं.

"बरं झालं," पेन्सिल परत कानावर गेली. "माझं अक्षर खराब आहे."

दीडची एसटी मिळाली. चाचांनी दिलेल्या जुन्या पिशवीतली गिटार मांडीवर घेऊन बसलो, वर ठेवायला जीव होईना. शेजारच्या बाई म्हणाल्या, "या वयात शिकताय? छान!" मी हो म्हणून मोकळा झालो. दिवेलागणीच्या आधी घरी पोचलो.

शुभा व्हरांड्यात मेथी निवडत बसली होती. माझ्या पाठीवरची पिशवी बघून तिचे हात थांबले. मी काही बोलायच्या आत तिनं हात पदराला पुसले, पिशवीची चेन उघडली आणि गिटार बाहेर काढली. आत डोकावली नाही की लाकूड बघितलं नाही. फक्त अंगठा तारांवरून एकदा फिरवला.

"माझी स्टीलच्या तारांची होती," ती म्हणाली.

"हो का?"

"ही माझी नाही."

"नाही," मी म्हटलं. आणि मग ते बाहेर पडलं. "तुझी मी विकली, शुभा. तू माहेरी असताना. जुन्या सामानवाल्याला. साडेतीनशे रुपयांना. तुला विचारलं नाही. चुकलं माझं. फार चुकलं."

तिनं गिटार भिंतीला टेकून ठेवली. मग म्हणाली, "मला वाटायचं, फुकटच दिलीस." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, माझ्याही. मेथी तशीच राहिली, त्या दिवशी आम्ही खिचडी खाल्ली.

ह्याला आता महिना झाला. सगळा मिळून खर्च चौदा हजारांच्या आत गेला: गिटार, दुरुस्ती, चाचांची फी, रिक्षा, लॉज, खाणं. नवी आली असती का एवढ्यात? आली असती, बहुतेक. पण नव्या गिटारीपायी मला धायरी, मांजरी आणि सदाशिव पेठेतला तो फुटपाथ पुन्हा बघायला लागला नसता. पुणं आता माझं राहिलं नाही, हे धायरीतच कळलं होतं. पण तिथं मी काय काय बघायचं सोडून दिलं होतं, ते थोडंफार बघून आलो. शुभा रोज चारला वाजवायला बसते. पहिले आठ दिवस बोटं हुळहुळली, आता टोकं टणक झाली आहेत, ती मला दाखवते. चुकते, स्वतःला शिव्या घालते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मी समोरच्या खुर्चीत बसतो. माइक लागत नाही.

गेल्या रविवारी मुलगी आली होती, मनू. जिच्यासाठी तो पाळणा. गिटार बघून ती वेडीच झाली. "बाबा, कसली भारी आहे! मी नेऊ? माझ्या रूमवर मस्त दिसेल."

"ने की," मी म्हटलं. माझ्या तोंडून गेलं ते. शप्पथ सांगतो, विचार न करता गेलं.

शुभानं वाजवणं थांबवलं. "अवी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ही कुणाला द्यायची झाली, तर आधी मला विचारायचं. मी नाहीच म्हणणार आहे. तरी विचारायचं."

मनू आमच्या तोंडाकडे बघत होती. मी खुर्चीत सरळ बसलो.

"शुभा, मनू गिटार मागतेय. देऊ का?"

"नाही," शुभा म्हणाली, आणि पुन्हा वाजवायला लागली.